निखळलेला खांदा: ओढण्याआधी आणि बसल्यानंतर

पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यावर दुचाकी घसरली की माणूस पडताना आपसूक हात टेकतो. तळवा जमिनीवर, कोपर ताठ, मागून अंगाचं सगळं वजन. खांदा पुढच्या बाजूने बाहेर येतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात मागून कोणी धरला, सिंहगड उतरताना पाय सटकून हात मागे टेकला गेला, मिरवणुकीत ध्वज नाचवताना काठी डोक्यामागे गेली आणि तिथून जोरात फिरवली, तरी हेच होतं. प्रसंग निरनिराळे, हाताची अवस्था तीच: बाजूला उचललेला, बाहेर वळलेला आणि मागे ढकलला गेलेला.

मग जमलेल्या गर्दीतून एक जण पुढे येतो आणि म्हणतो, "दादा, घाबरू नका. एका झटक्यात बसवतो." त्या गृहस्थाला आधी थांबवा. खांदा जागेवर आणणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत छोटं काम आहे. त्याआधी काय तपासलं आणि त्यानंतर काय केलं, यावर तो हात पुढची वीस वर्षं कसा चालणार ते ठरतं. आणि नेमक्या याच दोन गोष्टींची आपल्याकडे हेळसांड होते. आधी ओढाओढ, नंतर "बसला ना, मग झालं".

मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तो खांदाच. त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. बाहूच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते खांद्याच्या पात्यावरच्या एका उथळ खोबणीला टेकलेलं असतं. खोबण इतकी लहान, की कुठल्याही क्षणी त्या गोलाचा चौथा ते तिसरा हिस्साच तिला टेकतो. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा, साधारण तेवढाच भरवसा. हाडाने दिलेला आधार अपुरा म्हणून बाकीच्यांनी कामं वाटून घेतली आहेत. खोबणीच्या काठाला कूर्चेची गोल कड असते, तिला लेब्रम म्हणतात. तिच्यामुळे खोबण आणखी खोल होते. त्याभोवती सांध्याचं आवरण आणि त्याला जोडलेले अस्थिबंध. त्यावर रोटेटर कफचे चार स्नायू, जे हात हलत असताना गोल सतत खोबणीच्या मध्यावर दाबून धरतात. याशिवाय बंद सांध्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, त्यानेही गोल आत ओढलेला राहतो. इतकी सैल रचना असल्यामुळेच आपण पाठ खाजवू शकतो, गोलंदाजी करू शकतो. ही मोकळीक फुकट मिळत नाही.

शंभरातले ९५ हून अधिक खांदे पुढे आणि खाली सरकतात. गोल बाहेर पडताना खोबणीच्या पुढच्या-खालच्या काठावरची कड सोलून घेऊन जातो. या जखमेला बँकार्ट म्हणतात. १९२३ साली बँकार्ट नावाच्या लंडनच्या शल्यचिकित्सकाने, खांदा पुन्हापुन्हा निखळण्याचं मूळ इथे आहे, असं मांडलं. बाहेर पडलेल्या गोलाची मागची बाजू खोबणीच्या टणक काठावर आपटते आणि तिथे खोक पडते. ती हिल-सॅक्स. १९४० साली दोन अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनी तिचं वर्णन केलं. ही दोन नावं लक्षात ठेवा, एमआरआयच्या रिपोर्टवर भेटतील. खांदा बसला तरी या जखमा आत तशाच असतात.

ओळखायचं कसं

कपडे बाजूला करून समोरून बघा. चांगल्या खांद्याची बाहेरची रेषा गोलाकार असते. निखळलेल्या खांद्याची गोलाई नाहीशी होते, वरचं हाड टोकदार दिसतं आणि त्याच्याखाली बोटाला खड्डा लागतो. काखेच्या पुढे, छातीच्या बाजूला, एक फुगवटा जाणवतो, तो बाहेर आलेला गोल. हात अंगापासून थोडा लांब आणि किंचित बाहेर वळलेला असतो. माणूस दुसऱ्या हाताने कोपर सावरून बसतो आणि कोणाला हात लावू देत नाही. त्या हाताचा तळवा समोरच्या खांद्यावर ठेवून कोपर छातीला टेकवणं त्याला जमत नाही. जमत असेल तर पुढच्या बाजूने निखळलेला असण्याची शक्यता फार कमी. पण ही तपासणी माणसाने स्वतःहून करून पाहायची, तुम्ही त्याचा हात धरून न्यायचा नाही.

गोंधळ होतो तो तीन गोष्टींशी. खांद्याच्या टोकावर थेट आपटलं तर गळपट्टीच्या हाडाचा बाहेरचा सांधा सुटतो आणि अगदी वर उंचवटा येतो. तिथे गोलाई शाबूत असते. गळपट्टीचं हाडच मोडलं तर दुखणं त्या हाडावर, मानेच्या बाजूला. तिसरा प्रकार दगाबाज आहे: साठीनंतर न्हाणीघरात पडलेल्या बाईंचा खांदा वरून निखळल्यासारखा दिसतो, पण आत बाहूचं हाड गोलाच्या खाली मोडलेलं असतं. हा खांदा ओढला तर तुकडे आणखी विलग होतात, आणि साध्या पट्टीवर भागलं असतं ते प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. बाहेरून बघून हा फरक अस्थिरोगतज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही, मग रस्त्यावरच्या माणसाला कुठून येणार? दहा वर्षांखालच्या मुलांत सांधा क्वचितच निखळतो, तिथे वाढीच्या जागीच हाड मोडतं.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

पहिलं काम, बोटातल्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि मनगटाला बांधलेले दोरेसुद्धा काढा. हात सुजायला लागला की तासाभरात अंगठी निघत नाही, मग कापावी लागते. रेनकोट किंवा जॅकेट ओढून काढू नका, कात्रीने बाही उभी कापा.

हात ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत त्याला आधार द्यायचा. तो जबरदस्तीने छातीला चिकटवायचा नाही. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते तिथे गुंडाळलेला टॉवेल, छोटी उशी, काहीच नसेल तर घडी घातलेली सॅक ठेवा. मग ओढणी त्रिकोणी दुमडून हाताखालून घ्या. त्रिकोणाचं टोक कोपराकडे आणि उरलेली दोन टोकं मानेमागे. गाठ मानेच्या मणक्यावर येऊ देऊ नका, बाजूला घ्या, नाहीतर अर्ध्या तासात माणूस खांद्यापेक्षा मानेची तक्रार करतो. वरून आणखी एक कापड छातीभोवती सैल बांधलं की गाडीच्या हिसक्यांना हात डोलत नाही.

बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. थेट कातडीवर नको. शेक, मालीश, लेप, बाम यांतलं काहीही नको. आणि चहा पाजू नका. आपल्याकडे माणूस पडला रे पडला की कोणीतरी चहा किंवा ग्लुकोजचं बिस्किट घेऊन येतं, भावना चांगली असते. पण दवाखान्यात गुंगीचं औषध द्यायची वेळ आली तर भरल्या पोटी उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायचा धोका असतो. शेवटचं खाणं किती वाजता झालं ते मात्र लक्षात ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतील. पाण्याची चूळ भरायला हरकत नाही.

बोटं गरम आहेत का, गुलाबी आहेत का, हलतात का, हे दर दहा मिनिटांनी बघा. हात गार पडला, पांढरा-निळा झाला, काख भराभर फुगू लागली तर धमनीला इजा झाली असण्याची शक्यता आहे. तेव्हा १०८ला फोन करा आणि चालवणाऱ्याला सरळ मोठ्या रुग्णालयात, रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असतील तिथे, न्यायला सांगा. मान दुखत असेल, डोक्याला मार असेल, शुद्ध हरपली असेल, तरीही १०८च. बाकीच्यांना चारचाकीच्या पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे कलवून बसवून नेता येतं. रिक्षा शेवटचा पर्याय, कारण आपल्याकडचा प्रत्येक गतिरोधक त्या खांद्यात उमटतो. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड बंद असतात, तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना आधीच ठाऊक असावं की मधल्या पेठांतून बाहेर पडायची वाट कोणती.

उशीर करू नका, कारण वेळ जातो तसे स्नायू आवळत जातात आणि जे काम पहिल्या एक-दोन तासांत कमी औषधात झालं असतं त्याला पुढे भूल लागते. तीन आठवडे उलटले तर प्रकरणच वेगळं होतं. रिकाम्या खोबणीत चिवट ऊती भरते, धमनी आजूबाजूला चिकटते आणि बाहेरून ओढलं तर हाड मोडू शकतं, धमनी फाटू शकते. हाडवैद्याकडे चोळून घेत महिना काढलेले असे खांदे अजूनही दवाखान्यात येतात. तेव्हा बहुधा उघडूनच काम करावं लागतं.

एक्स-रे आणि कापसाचा बोळा

पहिल्यांदा निखळलेला खांदा, चाळिशीच्या पुढचा माणूस किंवा वाहनावरून, उंचावरून पडलेला माणूस असेल तर बसवण्याआधी एक्स-रे हवाच. तोही दोन बाजूंनी. एक समोरून आणि दुसरा बाजूने किंवा काखेतून. याचं कारण मागच्या बाजूने निखळलेला खांदा. असे थोडेच, शंभरात दोन ते चार, पण समोरून काढलेल्या एकट्या एक्स-रेमध्ये ते जवळपास नॉर्मल दिसतात आणि सर्रास सुटतात. फीट आल्यानंतर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा दुखतोय, हात आत वळून अडकलाय, तळवा वर करता येत नाही, असं असेल तर "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या बाजूचा फोटो मागा.

दुसरी तपासणी मशीनशिवायची आहे आणि म्हणूनच गडबडीत राहून जाते. काखेतून निघून बाहूच्या हाडाला मागून वळसा घालणारी ॲक्झिलरी नर्व्ह नावाची नस असते. गोल खाली सरकला की ती ताणली जाते. तिचा इलाका म्हणजे दंडाची बाहेरची वरची बाजू, पोलिसांच्या बाहीवर फीत असते साधारण ती जागा. तपासणारा कापसाचा बोळा घेऊन आधी चांगल्या दंडावर फिरवतो, मग दुखऱ्या दंडावर. "दोन्हीकडे सारखं लागतंय का?" बधिर वाटत असेल तर नोंद करतो. मग कोपराला बाहेरून हात लावून सांगतो, "माझ्या हातावर अगदी हळू बाहेर दाबा," आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू आवळतोय का ते चाचपतो. त्यानंतर अंगठा वर, बोटं फाकवा, अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करा. या तीन हालचालींत हाताच्या तीन मोठ्या नसा तपासून होतात. शेवटी दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी धरून तुलना. नाडी लागते म्हणून धमनी ठीकच आहे असं मात्र नाही, आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त येऊन नाडी लागू शकते. म्हणून वाढत जाणारी काखेतली सूज जास्त महत्त्वाची.

हे सगळं केसपेपरवर लिहिलं जायला हवं, बसवण्याआधीही आणि नंतरही. नस आधीच दुखावलेली होती की बसवताना दुखावली, हे कळायचा दुसरा मार्ग नाही. नातेवाइकांनी "नस तपासून लिहिलीत का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

बसवतात ते कसं

वेदना कमी करायचे दोन मार्ग. एक, शिरेतून गुंगीचं औषध. त्यासाठी ऑक्सिजन, मॉनिटर, श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा डॉक्टर आणि नंतर काही तास निरीक्षण लागतं. दुसरा, सांध्यातच बधिरतेचं इंजेक्शन: एक टक्का लिग्नोकेन, प्रौढाला साधारण २० मिली, खांद्याच्या टोकाखालच्या त्या खड्ड्यातून. सुई आत गेली की आधी सांध्यात साठलेलं रक्त ओढून घेतात, मग औषध सोडतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. हे थांबणंच बरेचदा होत नाही. दोन मिनिटांत ओढायला लागलं की मग "इंजेक्शन लागूच पडलं नाही" अशी तक्रार. पूर्ण बधिर व्हायला वेळ दिला तर हा मार्ग उत्तम आहे, माणूस लवकर घरी जातो आणि खर्चही कमी येतो.

बसवायच्या पद्धती दोन डझनांहून जास्त आहेत. चांगल्या पद्धतींत एक गोष्ट सारखी असते, जोर कमी आणि वेळ जास्त. बाहेर वळवण्याची पद्धत घ्या. माणूस उताणा झोपलेला. डॉक्टर कोपर अंगाला लावून ९० अंशांत वाकवतात. एका हाताने कोपर अंगाशी धरून ठेवायचं, दुसऱ्याने मनगट धरून हात हळूहळू बाहेर न्यायचा, तोही ओढून नव्हे, हाताच्याच वजनाने. थोडं दुखलं किंवा स्नायू आवळला की तिथेच थांबायचं, माणसाशी बोलत राहायचं, स्नायू सैल पडला की पुढचे चार-पाच अंश. या सगळ्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. हात ७० ते ११० अंशांच्या दरम्यान पोहोचेपर्यंत गोल बऱ्याचदा आवाजही न करता आत सरकतो. बघणाऱ्यांना वाटतं, काही केलंच नाही.

बसवून करायची कनिंगहॅमची पद्धत आहे. खुर्चीत ताठ बसवून मान-खांद्याचा, डेल्टॉइडचा आणि दंडाचा स्नायू आलटून पालटून चोळत माणसाला खांदे मागे घ्यायला सांगतात, ओढाओढ नाहीच. ती घाबरलेल्या माणसावर चालत नाही. पालथं झोपवून, हात पलंगाखाली लोंबकळता सोडून त्याला चार-पाच किलो वजन बांधायची पद्धतही जुनी आणि सोपी आहे, वीस-तीस मिनिटं लागतात. पण गुंगी दिलेल्या माणसाला पालथं ठेवून एकटं सोडायचं नाही. चादर काखेखालून घेऊन एकाने तिकडे आणि दुसऱ्याने हात इकडे ओढायचा प्रकार अजून सर्वत्र चालतो, आणि सावकाश, एकसारखा ताण दिला तर तो वाईट नाही. वाईट तो झटका. काखेत टाच रोवून हात ओढणं तर बंदच व्हायला हवं. नस आणि धमनी नेमक्या त्याच जागी असतात.

सुश्रुतसंहितेत निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ घालून वर उचलावं आणि बसल्यावर स्वस्तिक बंध बांधावा, असं सांगितलं आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, भूल आणि एक्स-रे काहीच हाताशी नसताना इतका विचार झाला होता, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. मुसळ मात्र आता स्वयंपाकघरातच राहू द्या.

दोन-तीन सावकाश प्रयत्नांत खांदा बसला नाही तर जोर वाढवायचा नसतो. आत हाडाचा तुकडा, स्नायूबंध किंवा फाटलेलं आवरण अडकलेलं असू शकतं. पूर्ण भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये बसवतात. बसल्यानंतर पुन्हा एक्स-रे, पुन्हा कापसाचा बोळा.

चाळिशीच्या अलीकडे आणि पलीकडे

इथून पुढे वय हाच मुख्य प्रश्न. विशीच्या आत, खेळणाऱ्या मुलाचा खांदा एकदा निखळला की तो पुन्हा निखळण्याची शक्यता साधारण ७० ते ९० टक्के. विशी ते तिशीत निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. चाळिशीनंतर १० ते १५ टक्क्यांवर येते. म्हणजे ज्येष्ठांनी निश्चिंत राहावं का? नाही, त्यांचा धोका वेगळा. चाळिशीपुढे कड फाटण्याऐवजी रोटेटर कफ फाटतो आणि साठीनंतर तर फारच वेळा. आजोबांचा खांदा बसला, दुखणं ओसरलं, पण तीन आठवड्यांनीही हात वर जात नाही. घरचे म्हणतात, वयामुळे आखडला. आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. फाटलेल्या कफचा हात दुसऱ्याने उचलला तर जातो, स्वतःहून जात नाही. दोन-तीन आठवड्यांत हात उचलला गेला नाही तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. फाटलेला स्नायूबंध महिनोन्‌महिने तसाच राहिला तर मागे ओढला जातो, स्नायूत चरबी भरते आणि मग शिवून उपयोग होत नाही. नसेमुळेही हात उचलत नाही, पण दंडावरचा बधिरपणा तिथे सोबतीला असतो. बहुतेक नसा आठवड्यांत किंवा काही महिन्यांत आपोआप सुधारतात. तीन-चार आठवड्यांनी काहीच हालचाल नसेल तर ईएमजी, म्हणजे नस-स्नायूंची विद्युत तपासणी.

पट्टी किती दिवस, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. तरुणांना दोन ते तीन आठवडे, चाळिशीपुढे आठवडाभर, फार तर दहा दिवस. सहा आठवडे बांधून ठेवला की पुन्हा निखळणार नाही, ही समजूत घट्ट बसली आहे. तसं होत नाही. पट्टी दुखणं कमी करण्यासाठी असते, फाटलेली कड तिने जागेवर येऊन चिकटेल याची खात्री नसते. ज्येष्ठांत मात्र जास्त बांधल्याने खांदा हमखास आखडतो.

पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप, मनगट फिरवणं, कोपर सरळ करून वाकवणं, दिवसातून चार-पाच वेळा. झोपताना पाठीमागे दोन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं आणि कोपराखाली एक घडी. सरळ उताणं झोपलं की कोपर मागे पडतं आणि खांदा पुढे ढकलला जातो, म्हणून रात्री जास्त ठणकतं. आंघोळीला पट्टी काढता येते. कमरेत पुढे वाकून हात नुसता लोंबू द्यायचा, मग काख धुता आणि पुसता येते. काख ओली राहिली की तिथे बुरशी येते, पुण्याच्या जून-जुलैत तर नक्कीच. शर्ट पुढून बटणांचा, घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

सहा आठवडे टाळायची अवस्था एकच: कोपर खांद्याच्या उंचीला आणि हात मागे वळलेला. वेणी किंवा अंबाडा घालणं, पीएमपीच्या बसमध्ये वरची दांडी धरणं, चालकाच्या सीटवर बसून मागच्या सीटवरची पिशवी ओढणं, माळ्यावरचा डबा काढणं, यांत हात नकळत त्याच अवस्थेत जातो. बसमध्ये उभं राहायचंच असेल तर सीटची पाठ धरा. सूर्यनमस्कार, जोर आणि बेंच प्रेस बंद. दुचाकी पट्टी निघाल्याबरोबर नको. दोन्ही हातांनी हँडल दाबून ब्रेक मारताना, खड्ड्यात गाडी आदळताना खांदा न दचकता ताकद देतो का, हे फिजिओथेरपिस्टने बघून सांगितल्यावर.

फिजिओथेरपीत पहिल्या तीन आठवड्यांत हात न हलवता भिंतीवर दाब देण्याचे व्यायाम, तेही अर्ध्या ताकदीने, पाच सेकंद दाब, दहा वेळा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हात कमरेच्या उंचीला ठेवून रबरी पट्ट्याने आत-बाहेर ओढणं. त्यानंतर पात्याच्या स्नायूंचं काम, कारण पातं डळमळीत असेल तर खोबणच चुकीच्या दिशेला बघते आणि कफ कितीही मजबूत केला तरी उपयोग नाही. लोक नेमकं हेच सोडतात आणि डंबेल्सने दंड फुगवतात. मैदानावर परतायला तीन ते चार महिने. तारीख बघून परतायचं नाही. हात पूर्ण हलला पाहिजे, ताकद दुसऱ्या हाताच्या ९० टक्क्यांपर्यंत आली पाहिजे आणि फेकण्याच्या अवस्थेत हात नेताना "आता निघेल" ही भीती वाटता कामा नये. ती भीती म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे, ती सांध्याची खरी खूण आहे.

ऑपरेशन कोणाला

विशीतला कबड्डीपटू, कुस्तीगीर किंवा फेकी खेळ खेळणारा असेल तर पहिल्याच वेळी ऑपरेशनचा विचार करणं योग्य आहे, असं माझं स्पष्ट मत. प्रत्येक वेळी निखळताना खोबणीचा काठ झिजतो आणि मागची खोक मोठी होते. ऑफिसात बसून काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाने आधी व्यायाम मनापासून करून बघावा. फीट येणाऱ्याने आधी फीट ताब्यात आणावी, नाहीतर उत्तम ऑपरेशनही एका झटक्यात उलटतं. आणि जे सांध्यांनी मुळातच सैल आहेत, अंगठा मनगटाला टेकवतात, खांदा मनाला येईल तेव्हा बाहेर काढून मित्रांना दाखवतात, त्यांना सहा महिने व्यायामच. तो खेळ आधी बंद.

दुर्बिणीतून करायच्या बँकार्ट दुरुस्तीत दोन-तीन छिद्रांतून, सहसा तीन-चार छोट्या अँकरनी (हाडात रोवायच्या, दोरा ओवलेल्या खुंट्या), सुटलेली कड काठाला परत शिवतात. हाड शाबूत असेल तरच ती टिकते. म्हणून ऑपरेशनआधी एमआरआयसोबत थ्रीडी सीटी मागितला तर तो पैसे काढण्याचा उद्योग समजू नका, खोबणीचं किती हाड गेलंय ते सीटीतच नीट मोजता येतं. २० ते २५ टक्क्यांच्या पुढे झीज असेल तर नुसतं शिवणं बहुधा फसतं. तिथे लातार्जे. त्याच नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९५४ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. पात्याच्या पुढच्या बाजूचं कोरॅकॉइड हाडाचं टोक, त्याला जोडलेल्या स्नायूंसकट, कापून खोबणीच्या पुढच्या काठावर बहुतेक दोन स्क्रूंनी बसवतात. काठ रुंद होतो आणि हात उचलला की ते स्नायू पुढून गोल अडवतात. मागची खोक मोठी असेल तर शिवतानाच जवळचा स्नायूबंध तिच्यात बसवतात.

कोणत्याही ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे पट्टी, अंगाला अंग भिडणाऱ्या खेळाला पाच-सहा महिने. लातार्जेत हाडाला हाड जुळायचं असतं, आणि सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री यांतलं काहीही चालू असेल तर ते जुळायला उशीर होतो किंवा जुळतच नाही. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी हे बंद करून, सीटीत हाड जुळलेलं दिसेपर्यंत बंदच ठेवावं लागतं. सर्जनने विचारलं तर खरं सांगा. मिश्री तंबाखूत धरत नाहीत असं समजून घरच्या बायका ती सांगतच नाहीत, पण तीही तंबाखूच आहे.